केमोथेरपीनंतरचे स्मृतिमांद्य : निदान, संप्राप्ती आणि मेध्य द्रव्यांच्या वापरातील विवेक

कर्करोगाची चिकित्सा पूर्ण करून घरी परतलेल्या रुग्णांची संख्या ग्रामीण भागातही आता नगण्य राहिलेली नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, त्या काळी आपल्या भागातील रुग्णाने तेथपर्यंत पोहोचणे हेच दिव्य होते. पुढे बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले व १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीतच सुरू झाली. आज इंदापूर व बारामती तालुक्यांतील रुग्ण बार्शी, सोलापूर, पुणे अथवा मुंबई येथे केमोथेरपी घेतो आणि उर्वरित आयुष्य मात्र आपल्या आसपास काढतो. तीन किंवा सहा महिन्यांतून एकदा तो मोठ्या रुग्णालयात तपासणीस जातो. मधल्या काळातील त्याच्या लहानमोठ्या तक्रारी वालचंदनगर, जंक्शन, लासुर्णे, निमगाव केतकी येथील वैद्य ऐकतो, किंवा औषधालयाच्या काउंटरमागे उभा असलेला विक्रेता ऐकतो.

या तक्रारींत एक तक्रार वारंवार कानी येते आणि तितक्याच वारंवार दुर्लक्षिली जाते. ‘ठेवलेली वस्तू सापडत नाही’, ‘बोलता बोलता शब्द अडतो’, ‘हिशेब दोनदा केला तरी जुळत नाही’, ‘गॅसवर दूध ठेवले हेच ध्यानात राहत नाही’. रुग्ण हे संकोचाने सांगतो, कारण जीव वाचला असताना विसराळूपणाची तक्रार करणे त्याला कृतघ्नपणाचे वाटते. आपणही ‘वय झाले’, ‘टेन्शन घेऊ नका’ असे म्हणून ब्राह्मीची एखादी बाटली लिहून मोकळे होतो. प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. ही तक्रार खरी असून तिला शारीरिक अधिष्ठान आहे, हे मांडावयाचे आहे. आणि तिच्यावर मेध्य द्रव्ये देताना वेळ, पात्रता व अन्य औषधांशी होणारा संघर्ष यांचा विचार न केल्यास कोणते अनर्थ ओढवू शकतात, तेही सांगावयाचे आहे.

व्याधीचे स्वरूप

पाश्चात्त्य देशांतील रुग्णांनीच या अवस्थेला ‘केमोब्रेन’ हे नाव दिले. वैद्यकशास्त्राने ते बऱ्याच उशिरा मान्य केले. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांच्या बौद्धिक क्षमतेविषयीचे निरीक्षण १९८० मध्ये अमेरिकेत सिल्बरफार्ब व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले होते, परंतु पुढील दीड दशक त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९८ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन डॅम यांच्या गटाने स्तनकर्करोगाच्या रुग्णांत उच्च मात्रेतील व सामान्य मात्रेतील केमोथेरपीची तुलना केली आणि त्यानंतर या विषयाच्या अभ्यासाला गती आली.

या अवस्थेत बिघडते काय, हे नेमके समजून घेतले पाहिजे. जुनी स्मृती सहसा शाबूत असते. आमच्या भागातून तुकोबांची पालखी जाते आणि येथील अनेक स्त्रियांचा हरिपाठ मुखोद्गत असतो. केमोथेरपी घेतलेली अशी रुग्णा संपूर्ण हरिपाठ न अडखळता म्हणते, पण सकाळी ठरवलेल्या बाजारातील चार जिनसांपैकी दोन विसरून येते. नवीन माहिती धरून ठेवणे, एकाग्रता, विचाराचा वेग, योग्य शब्द वेळेवर आठवणे आणि दोन कामे एकत्र सांभाळणे, एवढ्याच ठिकाणी उणीव दिसते. म्हणून यास वार्धक्यजन्य स्मृतिभ्रंशाच्या पंक्तीत बसवू नये. रुग्ण घरचा रस्ता विसरत नाही, नातवंडांची नावे विसरत नाही. आपण विसरतो आहोत ही जाणीव त्याला पूर्णपणे असते, आणि त्याचे दुःख बव्हंशी त्या जाणिवेतूनच येते.

प्रमाणाविषयी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला जॅनेलसिन्स व सहकाऱ्यांचा अमेरिकेतील अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात स्तनकर्करोगाच्या ५८१ रुग्णा आणि कर्करोग नसलेल्या ३६४ स्त्रिया होत्या. केमोथेरपीपूर्वीच्या व नंतरच्या स्थितीची तुलना करता ४५.२ टक्के रुग्णांनी बौद्धिक कार्यात लक्षणीय घट सांगितली. निरोगी स्त्रियांत हे प्रमाण १०.४ टक्के होते. केमोथेरपी संपून सहा महिने झाल्यावर हेच आकडे अनुक्रमे ३६.५ व १३.६ टक्के होते. म्हणजे काही रुग्ण आपोआप सावरतात, पण सर्व नव्हे. दीर्घकालीन परिणामांबद्दल २०१२ मधील कॉपेलमन्स यांचा डच अभ्यास पाहावा. सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट व फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल ही त्रयी १९७६ ते १९९५ या काळात घेतलेल्या १९६ स्त्रियांची तुलना कर्करोग न झालेल्या १,५०९ स्त्रियांशी त्यात केली आहे. चिकित्सेला सरासरी वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही शब्दस्मृती आणि विचारवेग या कसोट्यांत त्या मागे होत्या. हा फरक सूक्ष्म आहे, रुग्णास परावलंबी करणारा नाही. परंतु तो आहे.

मेंदूतील प्रत्यक्ष बदलांचेही पुरावे मिळाले आहेत. मॅक्डोनाल्ड व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एमआरआयच्या साहाय्याने दाखविले की, केमोथेरपीनंतर महिन्याभराने मेंदूच्या पुढील भागातील करड्या द्रव्याची घनता कमी झालेली असते आणि वर्षभरात ती अंशतः भरून येते. स्टॅनफर्ड येथील मिशेल मोंजे यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांत मेथोट्रेक्सेटमुळे मायक्रोग्लिया या मेंदूतील संरक्षक पेशी दीर्घकाळ प्रक्षुब्ध राहतात व त्यामुळे मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण तयार करणाऱ्या पेशींची वाढ खुंटते, असे २०१९ मध्ये मांडले. औषध शरीरातून निघून गेले तरी त्याने चेतवलेला क्षोभ मागे उरतो, हा त्यातील मुद्दा वैद्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संदर्भ येईल.

येथे एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. सर्व दोष केमोथेरपीच्या माथी मारू नये. काही रुग्णांच्या बौद्धिक चाचण्या केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीच अपेक्षेपेक्षा कमी आढळल्या आहेत. कर्करोग स्वतः, शस्त्रक्रिया, भूल, भय, निद्रानाश, अकाली रजोनिवृत्ती व हार्मोनविरोधी औषधे या सर्वांचा त्यात वाटा असतो. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांत शब्दस्मृती व नियोजनक्षमता कमी झाल्याचे शिल्डर यांच्या २०१० मधील अभ्यासात दिसले, एक्झेमेस्टेन घेणाऱ्यांत मात्र तसे दिसले नाही. आपल्या व्यवसायातील काही मंडळी केमोथेरपीचे नाव निघताच ‘ते तर विषच’ असे रुग्णासमोर बोलून जातात. ज्या औषधाने त्याचा जीव वाचला, त्याविषयी त्याच्या मनात धास्ती भरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुढील चक्र टाळून घरी बसलेला रुग्ण अशाच एखाद्या वाक्याने घडतो.

आयुर्वेदीय संप्राप्ती

संहितांत केमोथेरपी शोधू नये. तेथे ती नाही. परंतु तीक्ष्ण, उष्ण, सूक्ष्म, व्यवायी, विकासी गुणांचे द्रव्य शरीरात शिरल्यावर काय घडते, याचे वर्णन विष व मद्य यांच्या संदर्भात विस्ताराने आले आहे. चरकांनी मदात्ययचिकित्सेत मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध सांगितले व त्यामुळे हृदयाश्रित ओज क्षुब्ध होऊन मन विकृत होते असे प्रतिपादिले. केमोथेरपीच्या द्रव्यांची संप्राप्ती याच चौकटीत मांडता येते. हे सादृश्य आहे, तादात्म्य नव्हे, एवढे भान मात्र ठेवावे.

पहिल्या अवस्थेत छर्दी, अरोचक, मुखपाक, अतिसार ही पित्तप्रधान लक्षणे असतात. अग्नी मंदावतो व रसधातू क्षीण होतो. सुश्रुतांनी ओजाच्या विस्रंस, व्यापत् व क्षय अशा तीन विकृती वर्णिल्या आहेत. त्यांतील व्यापत्ची ग्लानी, तंद्रा, निद्रा, गात्रगौरव ही लक्षणे केमोथेरपीच्या काळातील रुग्णात जवळजवळ जशीच्या तशी दिसतात. दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे औषध थांबल्यानंतर, धातुक्षयामुळे वात वाढतो. शिरःस्थ प्राणवायू बुद्धी, चित्त व इंद्रियांचे धारण करतो. उदानाकडे स्मृती व प्रयत्न ही कर्मे आहेत. हृदयस्थ साधक पित्त मेधेचे कार्य साधते. आणि तर्पक कफ इंद्रियांचे तर्पण करतो. वात वाढून तर्पक कफ क्षीण झाला की ग्रहण व धारण दोन्ही शिथिल होतात. वाग्भटांनी मज्जाक्षयात अस्थिसौषिर्य, भ्रम व तिमिरदर्शन ही लक्षणे सांगितली आहेत. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांसारखी औषधे घेणाऱ्या रुग्णांत हाडे ठिसूळ होणे आणि डोके रिकामे वाटणे या दोन्ही तक्रारी एकत्र ऐकल्या म्हणजे हे वर्णन हटकून आठवते.

दूषीविषाची कल्पनाही येथे उपयोगी पडते. पूर्णतः न निघालेले, वीर्य मंद झालेले, पण धातूंत दबा धरून राहिलेले विष निमित्त मिळताच पुन्हा लक्षणे दाखविते. मोंजे यांनी वर्णिलेला औषधोत्तर क्षोभ व ही कल्पना यांत विचाराची जवळीक आहे. यापलीकडे जाऊन ‘आमच्या शास्त्राने हे आधीच सिद्ध केले होते’ असे म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. संप्राप्तीचा उपयोग चिकित्सेची दिशा ठरविण्यासाठी करावा, मिरविण्यासाठी नव्हे.

रुग्णपरीक्षण

स्मृतिमांद्याचा रुग्ण समोर आल्यावर औषध सुचण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

पहिला प्रश्न : हे केमोथेरपीनंतरचे साधे मांद्य आहे की धोक्याचे लक्षण? पहाटे डोके दुखून उलटी होणे, एका बाजूचा हातपाय लुळा वा जड पडणे, नव्याने आकडी येणे, दृष्टी दुहेरी होणे, चालताना तोल जाणे, स्वभावात एकाएकी बदल होणे, किंवा आठवड्याआठवड्याने विसराळूपणा वाढत जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णास कर्करोगतज्ज्ञाकडे रवाना करावे. स्तन व फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरू शकतो. रक्तातील सोडियम घसरणे किंवा कॅल्शियम वाढणे यामुळेही रुग्ण गोंधळतो आणि ती तातडीची अवस्था असते. केमोथेरपीनंतरचे मांद्य साधारणतः स्थिर राहते अथवा सावकाश सुधारते. ते वाढत जात असेल तर निदान चुकले आहे असे समजावे.

दुसरा प्रश्न : दुरुस्त करता येण्याजोगे अन्य कारण आहे काय? हिमोग्लोबिन, थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२, रक्तशर्करा, यकृत व वृक्क यांच्या तपासण्या पाहाव्यात. शाकाहारी रुग्णांत बी-१२ ची उणीव सर्रास असते. झोप किती, मध्येच गरम वाफा येऊन जाग येते काय, वेदनाशामक वा झोपेच्या गोळ्या चालू आहेत काय, हे विचारावे. विषण्णतेचा शोध आवर्जून घ्यावा. ‘जगून काय उपयोग’ अशा अर्थाचे एखादे वाक्य निघाल्यास मेध्य रसायनाच्या आधी मानसरोगतज्ज्ञाची भेट घडवावी.

तिसरा प्रश्न : उणीव नेमकी कोठे व किती? प्रचलित तीस गुणांची चाचणी येथे फारशी उपयोगी नाही. हे रुग्ण तीत सहज उत्तीर्ण होतात. २०११ मध्ये या विषयावरील आंतरराष्ट्रीय कार्यगटाने शब्दसूची लक्षात ठेवणे, अंक व अक्षरे क्रमाने जोडणे आणि ठराविक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगणे अशा चाचण्यांची शिफारस केली. आपल्या चिकित्सालयात त्यांचे सोपे रूप वापरता येते. बाजारातील दहा जिनसा तीनदा ऐकवून वीस मिनिटांनी विचाराव्यात. एका मिनिटात किती जनावरांची नावे येतात ते मोजावे. फाल्गुनापासून चैत्रापर्यंत महिने उलट म्हणावयास सांगावेत. हे प्रमाणित निदान नव्हे, पण केसपेपरवर आकडे लिहून ठेवल्यास दोन महिन्यांनी ‘बरे वाटते’ या मोघम शब्दाऐवजी तुलना करण्यास काही हाती असते.

एका रुग्णेचे उदाहरण बोलके आहे. वय सेहेचाळीस, व्यवसाय शिवणकाम, स्तनकर्करोगासाठी शस्त्रक्रिया व आठ चक्रे केमोथेरपी, त्यानंतर टॅमॉक्सिफेन चालू. तक्रार अशी की, गिऱ्हाइकाचे माप टेपने घेतले आणि वहीकडे वळले की आकडा पुसला जातो. दोन ब्लाउज बिघडल्यावर तिने काम घेणेच बंद केले. तपासणीत रक्ताल्पता व बी-१२ ची उणीव आढळली. झोप चार तास. तिला गोळ्यांची पाकिटे घेऊन येण्यास सांगितले. मागील दोन महिन्यांच्या हिशेबाने जेवढी टॅमॉक्सिफेन शिल्लक असावयास हवी होती, त्याहून तेवीस गोळ्या अधिक निघाल्या. विसराळूपणाची चिकित्सा करावयास आलेली रुग्णा ज्या गोळीवर तिचे पुढील आयुष्य अवलंबून आहे तीच गोळी विसरत होती, आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. हा व्याधी ‘किरकोळ’ का मानू नये, याचे याहून वेगळे कारण शोधण्याची गरज नाही. टॅमॉक्सिफेन पाच, कधी दहा वर्षे नियमित घ्यावी लागते. म्हणून अशा प्रत्येक रुग्णाच्या गोळ्या मोजणे हा परीक्षणाचाच भाग समजावा.

तिची बी-१२ ची उणीव इंजेक्शनांनी भरून काढली, रक्ताल्पतेची चिकित्सा केली, गोळी सायंकाळच्या देवापुढील दिव्याशी जोडून दिली आणि झोपेसाठी पादाभ्यंग व नियमित वेळ लावून दिली. मेध्य द्रव्य पहिल्या सहा आठवड्यांत दिलेच नाही. तरीही या काळात शब्दसूचीचा आकडा दहापैकी तीनवरून पाचवर गेला.

मेध्य द्रव्ये : केव्हा व कोणाला

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात मंडूकपर्णीचा स्वरस, यष्टीमधूचे चूर्ण दुधासह, गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क अशी चार मेध्य रसायने सांगितली आहेत व त्यांत शंखपुष्पीस विशेष मान दिला आहे. आपल्यापैकी प्रत्येकाला हे पाठ आहे. प्रश्न आहे तो हे रसायन कर्करोगाच्या रुग्णास लागू करण्याचा.

केमोथेरपीची चक्रे चालू असताना मेध्य औषध सुरू करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. अग्नी मंद असताना व शोधन झालेले नसताना रसायन देऊ नये, हा आपलाच सिद्धांत आहे. व्यवहारातील कारण त्याहून ठोस आहे. या काळात श्वेत पेशी घटलेल्या असतात. नीरा डाव्या कालव्याच्या कडेला, पानमळ्याच्या ओलीत उगवलेली मंडूकपर्णी खुडून काढलेला कच्चा स्वरस निरोगी माणसाला पचेल. पेशी घटलेल्या रुग्णाला त्यातील जंतुसंसर्ग प्राणघातक ठरू शकतो. शिवाय केमोथेरपीची अनेक औषधे यकृतातील ज्या विकरांच्या आधारे पचतात, त्याच विकरांवर वनस्पतींची द्रव्येही काम करतात.

हा संघर्ष काल्पनिक नाही. मुंबईतील संशोधकांनी १९९२ मध्ये शंखपुष्पीप्रधान सरबत आणि आकडीवरील फेनिटॉइन यांच्या संयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेनिटॉइनने आटोक्यात असलेल्या रुग्णांना हे सरबत सुरू झाल्यावर पुन्हा आकडी आल्याचे पाहून तो हाती घेतला गेला होता. प्राण्यांवरील प्रयोगांत सरबताच्या अनेक मात्रांनंतर रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटलेले आढळले आणि औषधाचा आकडीरोधक परिणामही कमी झाला. मेंदूत अर्बुद असलेल्या रुग्णांना आकडीवरील औषधे चालू असतात, हे ध्यानी घेतल्यास या जुन्या अभ्यासाचे मोल कळते. दुसरे उदाहरण हळदीचे. नेदरलँड्समधील हुसार्ट्स यांच्या २०१९ मधील अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना करक्युमिन व मिरीतील पायपरिन एकत्र दिले असता टॅमॉक्सिफेनच्या क्रियाशील रूपाचे रक्तातील प्रमाण सुमारे बारा टक्क्यांनी घटले. फोडणीतील हळदीचा हा प्रश्न नाही. ‘प्रतिकारशक्ती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तीव्र मात्रेच्या कॅप्सूलचा आहे.

चक्रे संपून रक्तगणना पूर्ववत झाल्यावर, आणि कर्करोगतज्ज्ञास लेखी कळवून, मेध्य द्रव्याचा विचार करावा. एका वेळी एकच द्रव्य द्यावे. चौदा घटकांच्या सिरपने रुग्ण सुधारला किंवा बिघडला तरी कशाने, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

ब्राह्मीचे चूर्ण एक ते तीन ग्रॅम मात्रेत भोजनोत्तर दुधासह देता येते. रिकाम्या पोटी मळमळ व द्रवमलप्रवृत्ती होते. केमोथेरपीने आधीच नाजूक झालेल्या कोष्ठास ती सोसवत नाही. निरोगी स्वयंसेवकांवरील चाचण्यांत ब्राह्मीचा गुण सुमारे बारा आठवड्यांनी दिसला आहे. पंधरा दिवसांत चमत्काराचे आश्वासन देऊ नये. शंखपुष्पी तीन ते सहा ग्रॅम, विशेषतः निद्रानाश व चिंता असताना उपयुक्त. आकडीवरील औषध चालू असल्यास वर्ज्य. यष्टीमधू रक्तदाब वाढविते व पोटॅशियम घटविते. मूत्रल औषधे घेणाऱ्यास आणि केमोथेरपीने हृदय दुर्बल झालेल्यास ते देऊ नये. त्यात स्त्री-हार्मोनसदृश क्रियाही असल्याने हार्मोनग्राही स्तनकर्करोगात ते टाळणेच शहाणपणाचे. शतावरीबाबतही तीच सावधगिरी. गुडूचीविषयी २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांत यकृतशोथाचे वृत्त प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख निश्चित केलेली नाही असा आक्षेप घेतला. वाद काहीही असो, ज्याचे यकृत केमोथेरपीने शिणले आहे त्याला महिनोन्महिने गुडूची देताना यकृताची तपासणी करणे आपल्या हातात आहे. अश्वगंधेचा मलेशियातील २०१३ सालचा अभ्यास केमोथेरपी चालू असलेल्या शंभर स्तनकर्करोग रुग्णांवर झाला व त्यात थकवा कमी आढळला. तो खुला अभ्यास होता आणि स्मृती हा त्याचा मुख्य विषय नव्हता. अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वाढू शकते, आणि यकृतविकृतीची वृत्तेही प्रसिद्ध झाली आहेत.

स्मृतिसागर रसाबद्दल वेगळे बोलले पाहिजे, कारण नावामुळे तो प्रथम आठवतो. पारद, गंधक, हरताल, मनःशिला व ताम्रभस्म यांचा हा कल्प आहे. सिस्प्लॅटिनसारख्या औषधांनी वृक्क दुखावलेल्या रुग्णात तो देण्याचे समर्थन करता येणार नाही. नस्य व शिरोधारा यांतही प्लेटलेट कमी असताना धोका आहे. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या सुजलेल्या हातावर जोराचे मर्दन करू नये.

अभ्यास

चरकांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांत सादृश्य, सत्त्वानुबंध म्हणजे मनाची एकाग्रता, अभ्यास आणि पुनःश्रुत ही आहेत. या यादीत औषध नाही, हे लक्षणीय आहे. आधुनिक पुनर्वसनाची पद्धत याच वाटेने जाते. ऑस्ट्रेलियातील ब्रे यांच्या २०१७ मधील अभ्यासात केमोथेरपी घेतलेल्या २४२ व्यक्तींपैकी एका गटाला संगणकावरील बौद्धिक सराव दिला. त्यांना स्वतःला लक्षणीय सुधारणा जाणवली, जरी चाचण्यांच्या गुणांत तेवढा फरक पडला नाही. व्यायामाविषयी २०२२ मधील डच अभ्यासात १८१ स्त्रियांत सहा महिन्यांच्या व्यायामाने स्मृतीचे गुण सरसकट वाढले नाहीत, पण थकवा व रुग्णांना जाणवणारी अडचण कमी झाली, आणि अतिशय थकलेल्या स्त्रियांत स्मृतीही सुधारली. हे निष्कर्ष माफक आहेत. माफक म्हणूनच विश्वसनीय वाटतात.

आमच्याकडे संगणक नको. वर उल्लेखिलेल्या शिवणकाम करणाऱ्या रुग्णेस माप मोठ्याने उच्चारून, गिऱ्हाइकाकडून तेच पुन्हा म्हणवून घेऊन मग लिहिण्यास शिकविले, हेच पुनःश्रुत. एका वेळी एकच गिऱ्हाईक, रेडिओ बंद, कात्री-टेप-वही यांच्या जागा ठरलेल्या. हरिपाठ जुना असल्याने त्याचा सराव म्हणून उपयोग नव्हता, म्हणून आठवड्याला एक नवा अभंग पाठ करण्यास दिला. सहा आठवड्यांनंतर ब्राह्मी चूर्ण जोडले. सहा महिन्यांनी शब्दसूची सातवर स्थिरावली. पूर्वीइतका वेग आलेला नाही, पण तिने पुन्हा काम घेतले असून टॅमॉक्सिफेनची गोळी चुकलेली नाही. या सुधारणेत ब्राह्मीचा वाटा किती, हे एका रुग्णेवरून सांगता येत नाही.

वालचंदनगरसारख्या कारखान्याच्या गावात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथे इस्रोच्या प्रक्षेपकांची मोटर-केसिंगे घडतात, साखर-यंत्रांची अवजड चाके फिरतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ऑक्झॅलिप्लॅटिन घेतलेला टर्नर कामावर परततो, तेव्हा त्याची बोटे बधिर असतात आणि मायक्रोमीटरवरचा आकडा ध्यानात राहत नाही. नापास झालेला जॉब परत करता येतो, यंत्रात गेलेले बोट परत येत नाही. अशा कामगारास काही महिने यंत्राऐवजी तपासणी वा भांडार विभागात काम मिळावे, असे शिफारसपत्र देण्यास वैद्याने संकोच करू नये. पत्रात ‘अशक्तपणा’ असा मोघम शब्द न घालता ‘केमोथेरपीनंतरचे तात्पुरते एकाग्रतामांद्य व हातांची बधिरता’ असे स्पष्ट लिहावे.

औषधालयमालकांसाठी

पुष्कळदा हा रुग्ण वैद्यापर्यंत येतच नाही. नातेवाईक थेट काउंटरवर ‘स्मरणशक्तीचे काहीतरी द्या’ असे म्हणतो. त्या वेळी दोन प्रश्न विचारावेत : ‘कोणासाठी?’ आणि ‘कोणती औषधे चालू आहेत?’ कर्करोगाची चिकित्सा चालू असल्याचे कळल्यास बाटली देऊ नये, वैद्याकडे पाठवावे. त्या एका बाटलीचा नफा सोडावा लागेल, हे मान्य आहे. पारद, हरताल, मनःशिला असलेले कल्प अनुसूची ई (१) मध्ये येतात आणि त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा असणे बंधनकारक आहे. ते चिठ्ठीवाचून देऊ नयेत.

खरेदीतही दक्षता हवी. ‘ब्राह्मी’ या नावाने बाजारात जलब्राह्मी व मंडूकपर्णी या दोन भिन्न वनस्पती सर्रास मिळतात, तर शंखपुष्पी म्हणून विष्णुक्रांता किंवा गोकर्णही गळ्यात पडते. आयुर्वेदिक फार्माकोपियातील वनस्पतीचे शास्त्रीय नाव पुरवठादाराच्या बिलावर लिहून मागावे व बॅच क्रमांक नोंदवहीत ठेवावा. वैद्याने ब्राह्मी लिहिली असेल तर त्याला कोणती अभिप्रेत आहे, हे एकदा दूरध्वनी करून विचारून घ्यावे. आणि टॅमॉक्सिफेन वा लेट्रोझोलची चिठ्ठी दर महिन्याला आपल्याच दुकानी येत असेल, तर या महिन्यात ती आली नाही हे सर्वप्रथम आपल्याच ध्यानात येऊ शकते. अशा वेळी त्या घरी एक निरोप धाडावा.